पेहराव आणि सामाजिक ओळख (महाड, १९२७)

पेहराव आणि सामाजिक ओळख : नेसण्यालेण्यावरून आणि राहणीवरून लोक एखाद्याविषयी जो समज करून घेतात, तो समज आणि त्याचे त्या माणसाच्या जगण्यावर होणारे परिणाम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धीचे आणि नेतृत्वाचे गुणही चढे मिळालेले त्यांना दिसले. अशी चूक बहुधा पाहणाऱ्याच्या नकळत होते. जातिव्यवस्थेत मात्र ती मुद्दाम घडवलेली होती. कोणी काय नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत हे रूढीने ठरवून दिले होते, ते समोरच्याला जात लांबूनच कळावी म्हणून. त्यामुळे दिसण्याचा प्रश्न इथे आवडीनिवडीचा राहत नाही, सत्तेचा होतो. सावित्री नदीकाठच्या महाड-पोलादपूर भागाने हे फार स्पष्टपणे दाखवून दिले आहे.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झालेले. गणवेशातल्या महार शिपायाला मिळणारा मान आणि गावी परतल्यावर वाट्याला येणारी वागणूक यांतले अंतर त्यांच्या पिढीने सोसले होते. माणूस तोच होता, बदलली होती ती खूण. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेसाठी जमलेल्या अस्पृश्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, त्यांना बंदी असलेल्या तिथल्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरमध्ये परिषद पुन्हा महाडला भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब खास स्त्रियांपुढे बोलले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे वा चांदीचे गोट या साऱ्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असे त्यांनी सांगितले. लुगडे घोट्यापर्यंत नेसायला जास्तीचा पैसा लागत नाही आणि कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ हवा, हेही त्यांनी पटवून दिले. त्याच भाषणात मुलींना शिकवण्याचा आग्रह होता, ही गोष्ट पेहरावाची चर्चा करणारे फार लवकर विसरतात. स्त्रियांनी पेहरावातला बदल लगोलग अंगीकारला. परिषदेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या टिपणीस आणि चित्रे या घरांतील स्त्रियांनी त्यांना नेसण्याची रीत दाखवली, असे चरित्रकार नोंदवतात.

यावर पहिला आक्षेप वरच्या जातींच्या अनुकरणाचा. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या ‘संस्कृतीकरण’ या संज्ञेत हा बदल बसवता येईल, असे वरवर वाटते. पण संस्कृतीकरणात उतरंड मान्य करून वरची पायरी मागितली जाते. महाडला तर ज्या ग्रंथात त्या उतरंडीला आधार होता, तोच त्या परिषदेत जाळला गेला होता. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, तो दाखला इथे उपयोगी पडतो. ज्याची प्रतिष्ठा जन्माने शाबूत आहे, त्याने वस्त्र कमी केले की लोक त्याला त्याग म्हणतात. ज्यांच्यावर अपुरे वस्त्र लादलेलेच होते, त्यांना तो मार्ग खुला नव्हता. त्यांना पूर्ण नेसूनच आपले म्हणणे मांडावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लुगडे बदलल्याने मनातली अढी जात नाही. हे खरेच आहे. मार्चमध्ये तळ्यावरून परतलेल्यांवर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. म्हणून पेहरावाला कायद्याची किंवा शिक्षणाची जागा देता येणार नाही. तरी त्याला क्षुल्लक ठरवणेही चूक आहे, आणि याचा पुरावा विरोधकांच्याच वागण्यात मिळतो. १९२८ च्या आरंभी छापून आलेल्या वृत्तानुसार इंदूर भागातील काही गावांत सवर्णांनी अस्पृश्य मानलेल्या बलाई समाजावर जी बंधने घातली, त्यांत जरीकाठी पागोटे, रंगीत काठाचे धोतर आणि स्त्रियांचे सोन्याचांदीचे दागिने यांना मनाई होती. बलायांनी ती नाकारली, तेव्हा त्यांना गावच्या विहिरीचे पाणी बंद करण्यात आले.