बायकांचे लहान धंदे : शिवणवर्गापासून पेढीपर्यंत



'बायकांना धंदा शिकवला पाहिजे' हे वाक्य सभासमारंभांतून आपल्या कानांवर नेहमी येते. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण इतिहासाच्या मास्तराला या वाक्यात एक अडचण दिसते. आपल्या आठवड्याच्या बाजाराकडे जरा पाहा. भाजीचे वाटे लावून बसलेली माळीण, सुकटीची पाटी घेऊन आलेली कोळीण, बांगड्या भरणारी कासारीण, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. या सगळ्या कोणत्या शाळेत धंदा शिकल्या? गिऱ्हाईक ओळखावे कसे, भाव कुठे धरावा आणि कुठे सोडावा, हे यांना कोणी सांगावे लागत नाही. म्हणजे आपल्याकडे बाईला धंदा येत नव्हता असे मुळीच नाही.

मग अडले कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी अडले. एक, भांडवल तिचे नव्हते. दोन, माल मोठ्या बाजारात नेण्याची वाट तिला मोकळी नव्हती. आणि तीन, हिशेबाची वही तिच्या हातात नव्हती. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या भागात जे प्रयत्न झाले, त्यांतले काही आज आपण पाहू. कोणत्या प्रयत्नाने यांतली कोणती अडचण दूर केली, एवढाच प्रश्न मनात ठेवा.

पहिला टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांना आसरा दिला. तिथे नुसते अन्नछत्र नव्हते. विणकाम होते, शेती होती, गाईगुरे होती, छापखानाही होता. ज्या मुलींना अक्षराची ओळख नव्हती, त्यांनी शिकून छापखान्यात खिळे जुळवले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

त्यानंतर १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले होते. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या वाड्यातच बायकांचे वर्ग भरवले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे मोठे साहाय्यक. शिवण, शिक्षिकेचे शिक्षण, परिचारिकेचे शिक्षण असे या कामाचे स्वरूप होते. घराचा उंबरा न ओलांडलेल्या कित्येक विधवा इथून स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या.

हे उपकार थोर आहेत. पण इतिहास पाहताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. या संस्थांनी बाईच्या हाती कसब दिले, पुष्कळदा नोकरीही मिळवून दिली. कापड कुठून आणायचे, किंमत काय ठेवायची, उधारी कोणाला द्यायची, हे मात्र बहुधा संस्थेचे चालक पाहत. बाई शिकली, कमावती झाली, पण धंद्याची मालक झाली असे अजून म्हणता येत नव्हते.

ती मालक झाली, त्याची एक ठळक तारीख सांगता येते. १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट या त्यांतल्या एक. भांडवल होते ऐंशी रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल पारेख यांनी, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत. हे छगनबापासुद्धा भारत सेवक समाजाचेच. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याच्या शिवणवर्गामागे उभ्या राहिलेल्या संस्थेचा धागा इथे पुन्हा दिसतो.

पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. या बायकांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवल्या होत्या : तोटा आला तरी देणगी मागायची नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. छगनबापांनी सांगितले, एकच प्रत ठेवा, आणि ती उत्तम ठेवा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

त्या वर्षी पावसाळ्यात मोठी पंचाईत झाली. ऊन नाही, पापड वाळेनात, चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाटेखाली शेगडी. झाले, पावसाळ्याचा प्रश्न सुटला! धंद्याचे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

हीच पुढे 'लिज्जत' या नावाने प्रसिद्ध झालेली श्री महिला गृह उद्योग संस्था. १९६६ साली तिची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. हिची व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. सकाळी बायका केंद्रावरून मळलेले पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून देतात आणि मजुरी घेतात. पापड लाटणारी बाई नोकर नसून भागीदार असते. नफ्यात तिचा वाटा, तोट्यातही तिचाच. पुरुषाला पगारी काम मिळेल, सभासदत्व मिळत नाही. सात बायकांच्या या संस्थेत पुढे चाळीस हजारांहून अधिक बायका आल्या. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता गिरगावातून गिरणगावाकडे जाऊ. तिथली गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे, कारण ती कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या बायकांची आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेला कामगार पुष्कळदा कुटुंब गावी ठेवून एकटा राही. त्याला दोन वेळचे जेवण कोण देणार? ते दिले खानावळवालीने. चाळीतल्या एका खोलीत, चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी बसून, ती दहा-पंधरा माणसांचे जेवण करी. जेवणारा पैसे देणार महिन्याने, वाण्याला मात्र आज द्यायचे. म्हणून वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज, आणि वेळ पडली तर गळ्यातले मंगळसूत्र गहाण. गिरणीत संप झाला की कामगाराकडे पैसा नसे, तरी ती जेवू घालायचे थांबत नसे. संपाचे पुढारी सर्वांना ठाऊक असतात. तो संप जिच्या पोळी-भाकरीवर चालला, तिचे नाव कोणाला ठाऊक नसते.

हे दुखणे प्रेमाताई पुरव यांनी ओळखले. गोव्याच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या या बाई. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ पासून अगदी गरिबांना शेकडा चार व्याजाने कर्ज देण्याची योजना होती. योजना कागदावर होती, खानावळवाली मात्र बँकेच्या दारातून आत जायला धजत नव्हती. सातबाऱ्यावर नाव नाही, घर नावावर नाही, तर तारण काय देणार? यावर तोड अशी निघाली की बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचे. बँक ऑफ बडोदाने कर्जे दिली. सावकाराच्या वहीतून नाव निघाले आणि बँकेच्या वहीत ते लागले, तेही तिच्या स्वतःच्या नावाने. १९८२ च्या जानेवारीत मोठा संप सुरू झाला, मग गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि जेवणारी गिऱ्हाइके पांगली. तेव्हा संस्थेने बाहेर जेवण पुरवण्याची कामे घेतली. बाजार बदलला की धंद्यालाही वळण घ्यावे लागते. एकटीला ते जमत नाही, जमावाला जमते.

याच सुमारास अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी 'सेवा' ही स्वतःचा रोजगार करणाऱ्या बायकांची संघटना १९७२ साली उभारली होती. १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. नोंदणीच्या वेळी अडचण आली ती सहीची. ज्यांच्या नावावर बँक व्हायची, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते. तेव्हा त्यांनी रात्रभर बसून आपापले नाव गिरवले आणि सह्या केल्या. खातेदार बाईची ओळख पटावी म्हणून पुढे पासबुकावर तिचा फोटो लावण्याची पद्धत ठेवली.

याच संघटनेतली एक हकीकत मुद्दाम सांगतो. अहमदाबादेच्या जुन्या शहरात गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या पुष्कळ मुसलमान बायका होत्या. व्यापारी चिंध्या देई, शिवून झालेला माल नेई आणि नगाला काही पैसे हातावर ठेवी. १९७७ च्या सुमारास त्यांनी एकजुटीने मजुरी वाढवून मागितली. व्यापाऱ्यांनी दर वाढवले खरे, पण मग मागणी करणाऱ्यांना काम देणेच बंद करू लागले. कसब बायकांपाशी होते, कच्चा माल आणि बाजार व्यापाऱ्याच्या मुठीत. तेव्हा 'सेवा'च्या मदतीने त्यांनी स्वतःच गिरण्यांतून चिंध्या घेतल्या, स्वतःचे केंद्र चालवले आणि पुढे 'साबिना' नावाची सहकारी संस्था केली. जी बाई गरीब आहे, आणि शिवाय अल्पसंख्य समाजातली असल्यामुळे आपल्याच मोहल्ल्याबाहेर जायला कचरते, तिची कोंडी दुहेरी असते. ती फोडायला नुसता शिवणवर्ग पुरत नाही. कच्च्या मालाची वाट तिच्या हाती यावी लागते.

शेवटी आपल्या साताऱ्यात येऊ. माण तालुका, म्हसवड गाव, कायमचा दुष्काळी मुलूख. तिथे रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई बचतीचे खाते उघडायला बँकेत गेली. पावसाळ्यात पालावर टाकायला ताडपत्री घ्यायची, म्हणून रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या लहान रकमेसाठी कोणी खाते उघडून देईना. चेतनाताई गाला-सिन्हा यांनी ठरवले की मग आपणच बँक काढू. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका परत आल्या आणि लिहा-वाचायला शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या की कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या जोडीला पुढे ग्रामीण बायकांसाठी धंद्याची शाळा निघाली, आणि ती गावोगाव पोचावी म्हणून एक बसही फिरू लागली. जनावरांचे बाजार, दुकानदारी, हिशेब, सगळे त्या बसमध्ये शिकवतात.

सरकारही स्वस्थ बसलेले नाही. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ झाले, १९७८ साली मागासवर्गीयांसाठी महात्मा फुले महामंडळ, २००० साली अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ. योजनांची वाण नाही. तरी एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. नुसते कर्ज म्हणजे धंदा नव्हे. २०१० साली आंध्र प्रदेशात बचत गटांतल्या बायकांना खासगी कंपन्यांनी एकावर एक कर्जे दिली, वसुलीसाठी जाच केला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि अखेर राज्य सरकारला कायदा करावा लागला. तिथे पैसा पोचला होता. धंद्याचा हिशेब पोचला नव्हता.

आणि म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. पुढच्या आठवड्यात गणिताच्या तासाला एक उदाहरण घाला. एका बाईने हजार रुपयांचे सामान आणून लोणचे घातले आणि पंधराशेला विकले. नफा किती? वर्ग एका आवाजात म्हणेल, पाचशे. मग विचारा, बरण्यांचे दीडशे कोण देणार? गॅसचे ऐंशी? बाजाराला जाण्यायेण्याचे सत्तर? राहिले दोनशे. काम झाले दोन दिवसांचे, म्हणजे दिवसाला शंभर. आता मुलींनाच विचारा, तुमची आई खुरपणीला गेली असती तर किती मिळाले असते? वर्ग गप्प होईल. त्यातली एखादी मुलगी संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारील, 'आई, तू तुझी मजुरी धरलीस का गं?'

हा प्रश्न घरात एकदा शिरला की त्याचे उत्तर शोधावेच लागते. मग भाव वाढवायचा की सामान घाऊक आणायचे, की शेजारच्या चौघींनी मिळून एकच खेप बाजाराला न्यायची, हे त्या बायका स्वतः ठरवतील. गिरगावच्या गच्चीवर, गिरणगावच्या खोलीत आणि म्हसवडच्या रस्त्यावर हेच घडले. कसब त्यांच्याकडे होतेच. वही हातात आली आणि त्या मालक झाल्या.