जागृतीची भाषा : केडगाव १९०५, सातारा १९१७

प्रत्येक धर्मसंस्थेच्या आयुष्यात असा काळ येतो, की तिची उपासना नियमाने चालू असते, नोंदवह्या भरलेल्या असतात, शाळा-दवाखाने उत्तम चाललेले असतात. आणि तरीही तिच्यातील काही माणसांना आतून कोरडेपणा जाणवू लागतो. या कोरडेपणातून जी तळमळ जन्म घेते, तिला ख्रिस्ती परिभाषेत जागृती किंवा संजीवन म्हणतात. महाराष्ट्रातील ख्रिस्तमंडळीला ही तळमळ विसाव्या शतकाच्या आरंभी दोनदा जाणवली. पहिली घटना पुणे जिल्ह्यातील केडगावी १९०५ मध्ये घडली. दुसरी साताऱ्यास १९१७ मध्ये. पहिलीच्या केंद्रस्थानी पंडिता रमाबाई होत्या, दुसरीच्या नारायण वामन टिळक.

या दोन घटनांचा विचार आपल्याकडे एकत्र झालेला क्वचितच दिसतो. केडगावची जागृती जगाच्या धर्मेतिहासात नोंदली गेली, पण मराठी वाङ्मयविचाराने तिच्याकडे लक्ष दिले नाही. साताऱ्याचा प्रयोग टिळकांच्या चरित्रातील अखेरचे प्रकरण म्हणून उरला. समाजसुधारक रमाबाईंविषयी आपण भरभरून लिहितो आणि केडगावच्या प्रार्थनासभांपाशी येताच काहीसे संकोचून पान उलटतो. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरवितो आणि त्यांच्या भक्तिकाव्याला त्यांच्या समाजाच्या उपासनेपुरते मर्यादित ठेवतो. वस्तुतः दोघांपुढे प्रश्न एकच होता : परक्या हातून आलेली श्रद्धा आपली कशी व्हावी, आणि तिने कोणत्या भाषेत बोलावे?

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु त्यांनी स्वतःच पुढे निवेदन केल्याप्रमाणे, त्या वेळी त्यांनी एक धर्म स्वीकारला होता. ख्रिस्ताची व्यक्तिगत ओळख त्यांना सुमारे आठ वर्षांनी पटली. धर्म आणि अनुभव यांतील हे अंतर त्यांच्या उत्तरायुष्याचे सूत्र ठरले. १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व तरुण विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती होती, माग होते, छापखाना होता. संस्था म्हणून काही उणे नव्हते. रमाबाईंना उणीव जाणवत होती ती वेगळीच.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातील प्रार्थनामंडळांची हकिकत त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी कन्या मनोरमाबाई व सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठविले. १९०४ मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. १९०५ च्या पूर्वार्धात वेल्श मिशनच्या खासी टेकड्यांतील मंडळ्यांतही तिचे पडसाद उमटले. रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे ७० जणी येत. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या आसपास गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी मुलगी पाण्याची बादली आणावयास धावली, असे एब्रम्सबाईंनी नमूद केले आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या संथ पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असता सगळ्या मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापकबुली, दीर्घ प्रार्थना, मग आनंदाने गाणे व टाळ्या वाजविणे असा क्रम पुढे अनेक आठवडे चालला. नंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या.

अग्नीच्या कथेचे काय करावयाचे, असा प्रश्न आधुनिक वाचकाला पडेल. श्रद्धावंत तिला साक्ष मानतील, इतर तिचा मानसशास्त्रीय उलगडा करतील. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. या मुली कोण होत्या? दुष्काळाने घरादारातून उपटून काढलेल्या, अनेकजणी बालविधवा, अनेकजणी निरक्षर. चारचौघांत मोठ्याने बोलणे ही गोष्ट त्यांच्या जगात स्त्रीच्या वाट्याला आलेलीच नव्हती. अशा शेकडो मुली एकाच वेळी, कोणाही पुरोहिताच्या किंवा पाद्र्याच्या मध्यस्थीवाचून, स्वतःच्या शब्दांत स्वतःचे दुःख आणि अपराध उच्चारू लागल्या. त्यांची वर्णने मुख्यतः इंग्रजी वृत्तान्तांतून आपल्यापर्यंत आली आहेत; त्यांचे मूळ मराठी उद्गार बव्हंशी हरपले. हा तोटा केवळ चर्चचा नाही, तो मराठी गद्याच्या इतिहासाचाही आहे.

या गलक्यावर टीका झाली. शांत, आवरलेली उपासना हेच श्रद्धेचे शोभिवंत रूप मानणाऱ्या अनेक मिशनऱ्यांना हे सारे असभ्य वाटले. रमाबाईंनी दिलेले उत्तर मर्मग्राही आहे. हिंदी माणसाचा स्वभाव भावनाप्रधान आहे. त्याला आपल्या रीतीने रडू द्या, गाऊ द्या, पाश्चात्य साच्यात त्याला कोंबू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अन्य भाषांत बोलण्याचा जो प्रकार पुढे मुक्तीत दिसला, तोही त्यांनी निषिद्ध ठरविला नाही. तसेच त्याची सक्तीही कोणावर केली नाही. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये या जागृतीवर लिहिलेली पुस्तिका त्यांच्या वर्गमैत्रिणीच्या हाती चिलीत पडली आणि १९०९ च्या वालपाराइसो येथील पेंटेकॉस्टल चळवळीला तिची प्रेरणा मिळाली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सुप्रसिद्ध सभा १९०६ च्या एप्रिलमधल्या, म्हणजे केडगावनंतरच्या. जागृतीचा प्रवाह नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे वाहतो, ही समजूत त्यामुळे दुरुस्त करावी लागते.

टिळकांची वाट वेगळी होती. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांची बरीच वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, तेव्हाच्या अहमदनगरास गेली; १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ज्या मंडळीत ते वावरत होते, तिची गीते पुष्कळशी इंग्रजी चालींवर बांधलेली होती आणि तिचा उपदेशक मिशनच्या वेतनावर जगत होता. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. त्याही पूर्वी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते. टिळकांनी हा धागा उचलला आणि तो थेट वारकरी परंपरेशी जोडला. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात समान बंधू मानले जावयाचे होते. ख्रिस्त हवा, पण त्यासोबत येणारा परका पोशाख, परकी सत्ता आणि पगाराचे मिंधेपण नको, हा त्यामागील विचार होता. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले आणि दरबार संस्था म्हणून मूळ धरू शकला नाही.

येथवर दोघांची दिशा एक दिसते. भाषेच्या प्रश्नावर मात्र त्यांच्या वाटा फुटतात. जागृतीच्याच काळात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्याच विदुषीने या भाषांतरातून संस्कृत शब्द निवडून काढण्याचा प्रयत्न केला! संस्कृत शब्दासोबत जुन्या तत्त्वज्ञानाच्या छटा येतात, आणि शिवाय खेड्यातील बाईला तो कळत नाही, ही त्यांची दुहेरी अडचण होती. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी अखेरची मुद्रिते तपासून संपविली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांना ज्या छटांची ओढ होती, त्यांचेच रमाबाईंना भय होते. अभंगाचा छंद, संतांची विनवणी, मायबाप म्हणून देवाला घातलेली साद यांतच टिळकांना श्रद्धेचे घर सापडले.

यांपैकी कोणाचे बरोबर, असा निवाडा करणे सोपे नाही. रमाबाईंनी पंडिती परंपरेचा स्त्रीवर पडलेला भार स्वतः पाहिला होता. तिच्या शब्दांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, यात नवल नाही. टिळकांच्या मनातील परंपरा तुकोबाची होती आणि ती मुळातच लोकभाषेत बोलत होती. दोघांनाही सामान्य माणसाच्या तोंडचा शब्द हवा होता. एकाने तो ओव्या-अभंगांच्या वारशात शोधला, दुसरीने त्या वारशाच्या बाहेर, घरगुती बोलीत.

काळाने दिलेला कौल मात्र उद्बोधक आहे. रमाबाईंचे बायबल मंडळ्यांच्या नित्य वाचनात रुजले नाही. तेथे बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. टिळकांचा दरबार विसर्जित झाला, पण त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून आजही गायिली जातात आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. गायिलेला शब्द टिकला, छापलेला मागे पडला. ज्या समाजात श्रद्धा शतकानुशतके कानांवाटे उतरली, तेथे हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

आज जागृतीच्या नावाने ठिकठिकाणी मोठमोठे मेळावे भरतात, ध्वनिवर्धकांवरून प्रार्थना होतात. त्यांची खरी कसोटी कोणती, हे केडगाव आणि सातारा सांगू शकतात. रमाबाईंच्या जागृतीने मूक मुलींना वाचा दिली. टिळकांच्या जागृतीने एका समाजाला त्याच्या मातीतले गाणे परत दिले. उत्साह ओसरल्यावर मागे कोणाचा आवाज उरला, हा प्रश्न चर्चने स्वतःला विचारावयाचा आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारालाही तो टाळता येणार नाही. कारण अभंगाची एक शाखा या अंगणातही वाढली आहे, आणि तिची नोंद वेगळ्या पुरवणीत करून भागण्यासारखे नाही.