झिलई : एका लकाकीची कुळकथा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी दोन ठिकाणी घासकाम चाले. मागल्या अंगणात काकू चिंच आणि राख घेऊन देवाची भांडी घासत, आणि पुढल्या अंगणात काका त्यांची आकाशी रंगाची फियाट. शंभरदा धुतलेल्या धोतराचे एक फडके, पॉलिशचा एक चपटा डबा आणि अख्खी सकाळ, एवढेच त्यांचे भांडवल. मी मदतीला धावे, तेव्हा ते माझ्या मनगटाला धरीत आणि म्हणत, “हळू! फडक्याकडे बघ आधी.” फडके निळे झालेले असे. तेवढा निळा रंग गाडीवरून उतरलेला असे. पोरवयात मला त्या निळाईची गंमत वाटे. तिचा हिशेब मात्र पुष्कळ उशिरा, नुकसान सोसून कळला.

काकांच्या मागे गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा रंग खडूसारखा फिका पडला होता. शाळेच्या धबडग्यात अख्खी सकाळ कोठून आणावी? मी ती एका गॅरेजात दिली. तिथल्या पोराने लोकरीची गादी लावलेले विजेचे यंत्र बॉनेटवर फिरवले. अर्ध्या तासात त्यात माझा चेहरा दिसू लागला. मी हरखलो, आणि तेवढ्यात बॉनेटच्या कडेला एक करडी रेघ दिसली. रंग संपून खालचे अस्तर उघडे पडले होते. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्यावरून बोट फिरवले. म्हणाला, “मास्तर, घासून रंग वाढत नसतो.”

त्या एका वाक्याने मला या लकाकीच्या इतिहासाच्या नादी लावले.

मोटार जन्मली ती घोडागाडीच्या घरात, आणि तिचा रंगही तिथूनच आला. जवसाच्या तेलाचे रोगण ब्रशाने लावायचे, ते हवेतला प्राणवायू शोषून सावकाश कडक होऊ द्यायचे, मग सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची पूड आणि पाणी घेऊन हाताने घासून सपाट करायचे, आणि पुन्हा पुढचा हात द्यायचा. अशा हातांवर हात चढत, म्हणून गाडी रंगवायला दोन ते चार आठवडे सहज लागत. शेवटचा रोगणाचा हात देताना खोलीत धूळ उडू नये म्हणून कारागीर श्वासही जपून घेत असतील!

हा संथपणा कारखान्याला परवडेना. 1913 साली हेन्री फोर्ड यांनी हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली आणि गाडीचा सांगाडा जोडायला लागणारे बारा-साडेबारा तास दीड तासावर आले. पण रंग वाळायचा तेव्हाच वाळणार! फोर्ड यांनी तोडगा काढला तो काळ्या रंगाचा. भट्टीत भाजून पक्के होणारे स्वस्त, टिकाऊ काळे रोगण त्यांनी पसंत केले, आणि 1914 ते 1925 पर्यंत त्यांची ‘मॉडेल टी’ काळ्या रंगातच मिळत असे. ज्यांना रंगीत गाड्या विकायच्या होत्या, त्यांना त्या वाळेपर्यंत छपराखाली रांगेने उभ्या करून ठेवाव्या लागत.

ही कोंडी फोडली ती एका दारूवाल्याने. म्हणजे बंदुकीच्या दारूवाल्याने. ड्यू पाँ ही अमेरिकन कंपनी 1802 पासून बंदुकीची दारू बनवीत आलेली. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज बिनधुराच्या दारूत असते, तेच जुन्या सिनेमाच्या फितीतही असे. पहिले महायुद्ध संपल्यावर या पदार्थाला नवे गिऱ्हाईक हवे होते. त्यातून निघाले ‘ड्यूको’. 1923 साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाडीच्या पुढल्या वर्षाच्या नमुन्यावर ते निळ्या रंगात फवारले. हा रंग वाळायला हवेतले काही शोषीत नाही. त्यातले द्रावक उडून गेले की तो वाळलाच. आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे आजही सुतार लाकडी कपाटाला ‘ड्यूको करून देतो’ म्हणतो, तो हाच शब्द. कंपनीचे नाव विसरून घरचा झालेला.

पण या वेगवान रंगात एक खोट होती. फवारल्यावर तो चमकत नसे. त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठे आणि घासल्यावाचून त्याला झिलई येत नसे. उन्हापावसात तो लवकर फिका पडे, म्हणून मालकाला पुन्हा घासावे लागे. कारखान्याने वाचवलेली मेहनत अशी थोडीफार घरोघरच्या अंगणात येऊन बसली.

आता, घासल्याने चमक येते म्हणजे काय होते? न्यूटनने 1704 सालच्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात काचेच्या झिलईबद्दल हे उलगडून ठेवले आहे. पूड जितकी बारीक, तितके तिचे ओरखडे बारीक. आणि ते इतके बारीक झाले की डोळ्यांना दिसत नाहीत, तीच झिलई. म्हणजे ओरखडे जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात, आणि दर वेळी थोडा पृष्ठभाग घेऊन जातात. मेणाचे तसे नाही. ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचे कठीण मेण लावले तर ते रंगावर पांघरुणासारखे बसते. झिलई उणे करते, मेण अधिक करते. काका वर्षातून एकदाच घासत आणि एरवी मेणावर भागवीत, याचे मर्म मला आता उमगले.

यंत्राने हे गणित फक्त जलद केले. एका जागी गरगर फिरणारी तबकडी घर्षणाने रंग तापवते. त्यात कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो. ओला असतानाच तो धारदार कडेवरून मागे सरकतो. माझी करडी रेघ उमटली ती तिथेच. पुढे दुहेरी गतीची यंत्रे आली. त्यांची तबकडी स्वतःभोवती फिरता फिरता लहानशी प्रदक्षिणाही घालते, आणि जोराने दाबली तर तिचे फिरणे मंदावते. हा जरा समंजस गडी म्हणायचा.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. त्याची जाडी सुमारे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. सगळी घासाघीस त्याच्यावर. त्याची जाडी मोजायची उपकरणे मिळतात, आणि जाणता कारागीर आधी मोजतो, मग यंत्राला हात लावतो. कारण या गाड्या घासताना फडके निळे होत नाही, तांबडे होत नाही. काय खर्च झाले, हे फडके आता सांगत नाही.

काकांची फियाट कुर्ल्याच्या कारखान्यातली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. ‘पद्मिनी’ या नावाने मिरवणारी ती गाडी बनणे केव्हाच थांबले, आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीही गेली. माझ्याकडची मात्र अजून आहे. बॉनेटवरची रेघ मी रंगवून घेतली नाही. यंदा खंडेनवमीला डिकीतून काकांचे फडके काढले. ते अजून निळे आहे. धुवायला घेतले होते, मग तसेच घडी करून परत ठेवले, आणि गाडीला नुसते मेण लावले.