एका आजाराचा क्रमांक

हजेरीपत्रकात गैरहजर मुलाच्या नावापुढे आपण 'आजारी' असा शेरा मारतो. वर्षअखेरीस असे शेरे मोजले, तर किती मुले आजारी पडली हे कळेल. पण कशाने, आणि ते टाळता आले असते का, हे कळणार नाही. नेमकी हीच अडचण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मृत्यूंच्या नोंदी पाहणाऱ्या विल्यम फार यांच्यापुढे होती. एकाच रोगाला डॉक्टर निरनिराळी नावे देत, तर कधी एकाच नावाखाली निरनिराळे रोग मोडत. वजनमापांइतकीच रोगांच्या नावांतही एकवाक्यता हवी, असा आग्रह फार यांनी १८३९ पासून धरला. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सचे झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली.

पण नाव एक ठरवायचे तर आधी रोग ओळखू यायला हवा. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे थायरॉइडचा आजार. गळ्यातील ही ग्रंथी, म्हणजेच अवटु ग्रंथी, कमी काम करू लागली की शरीराचा सारा व्यवहारच मंदावतो.

१८७३ मध्ये लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, बोलणे जड, हालचाली संथ. १८७७ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी कातडीखालच्या सुजेवरून या आजाराला 'मिक्झिडिमा' हे नाव दिले. इकडे स्वित्झर्लंडमध्ये शल्यविशारद कोखर गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढून टाकत. अशा रुग्णांचीही पुढे तशीच अवस्था होते, हे त्यांनी १८८३ मध्ये नोंदवले. जन्मतः खुरटलेली आणि बुद्धीने मागे राहिलेली 'क्रेटिन' मुले तर आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत पूर्वीपासून माहीत होती. या तिन्हींच्या मुळाशी थायरॉइडचा अभाव आहे, असा निष्कर्ष लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये काढला. तीनच वर्षांनी जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले. पुढे ती हाच उपचार घेत २८ वर्षे जगली.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यादीची सहावी आवृत्ती काढली. तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांनाही स्थान मिळाले. मिक्झिडिमा आणि क्रेटिनिझम तेव्हा २५३ या एकाच क्रमांकात होते. १९७५ च्या नवव्या आवृत्तीत जन्मजात प्रकाराला २४३ आणि नंतर उद्भवणाऱ्याला २४४ असे वेगळे क्रमांक होते. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीने आणखी फोड केली. आयोडीनच्या अभावाने होणारे विकार ई ०० ते ई ०२ मध्ये गेले, शस्त्रक्रियेसारख्या उपचारांनंतर येणारी उणीव ई ८९.० मध्ये, आणि उरलेले प्रकार ई ०३ मध्ये.

येथे कुणी विचारील, गोळी जर एकच, तर क्रमांक इतके कशाला? गोळी एक असली तरी प्रतिबंध एक नाही. आयोडीनची उणीव ही एका माणसाची नसते, ती साऱ्या प्रदेशाची असते. तिचे औषध मिठात आहे. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये भारताने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. सगळेच रुग्ण एका आकड्याखाली मोजले, तर मीठ कोठे पोहोचवायचे हे कसे कळणार?

या यादीत ई ०३.९ असाही एक क्रमांक आहे. त्याचा अर्थ, थायरॉइडची उणीव आहे, पण प्रकार नमूद नाही. डॉक्टरने केसपेपरवर नुसते आजाराचे नाव लिहिले, तर नोंद करणाऱ्याला हाच क्रमांक टाकावा लागतो. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत या आजाराचा क्रमांक बदलून ५ए०० झाला. पण क्रमांक कितीही बदलले, तरी कागदावर जे लिहिलेच नाही ते त्यांतून निघणार नाही.

आपणही शेरे लिहितोच. उंची वाढायची थांबलेली, सदा सुस्त, थंडी न सोसणारी एखादी मुलगी वर्गात असते आणि तिच्या नावापुढे 'आळशी' असे लिहिले जाते. तो शेराही एक प्रकारे ई ०३.९ च आहे. कारण शोधलेले नाही, एवढेच तो सांगतो. तिच्या पालकांना बोलावून रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यायला सांगितले, तर कदाचित तो शेरा खोडावा लागेल.