रक्तातली आंबट खूण

विरजण लावलेले दूध रात्रभरात आंबते, कारण त्यात लॅक्टिक आम्ल, म्हणजेच दुग्धाम्ल, तयार होते. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. दह्यातल्या या आम्लाचा अत्यवस्थ रुग्णाशी काय संबंध, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्या संबंधाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण रक्तातल्या एका आकड्यावरून किती सांगता येते आणि किती नाही, हे त्यातून कळते.

जानेवारी १८४३. जर्मनीतील व्यूर्झबुर्ग शहरात २३ वर्षांची एक पहिलटकरीण सुखरूप बाळंत झाली. त्याच रात्री तिच्या पोटात दुखू लागले, ताप चढला, आणि थोड्याच काळात ती दगावली. त्या हिवाळ्यात सूतिकाज्वराने असे अनेक बळी घेतले. योहान योसेफ शेरर या वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञाने या स्त्रियांचे रक्त मृत्यूनंतर तपासले, तेव्हा त्यात लॅक्टिक आम्ल सापडले. निरोगी माणसाच्या रक्तात ते त्या काळच्या पद्धतींनी दिसत नसे. म्हणून शेरर यांनी त्याचा संबंध आजाराशी जोडला. रोगजंतूंची कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. प्रसूतीपूर्वी हात धुण्याचा सेमेलवाइस यांचा आग्रहही १८४७ सालचा, म्हणजे चार वर्षांनंतरचा.

येथे चौकस विद्यार्थी एक शंका काढेल. मृत्यूनंतरही पेशींत हे आम्ल काही काळ बनत राहते, मग शेरर यांना दिसले ते आजाराचे की मृत्यूचे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर जिवंत रुग्णांचे रक्त तपासूनच मिळणार होते.

हे आम्ल शरीरात येते कोठून? पेशी ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा मिळवतात. प्राणवायू अपुरा पडला की हे विघटन अर्ध्यावर थांबते आणि लॅक्टेट साचते. जोरात धावणाऱ्या खेळाडूच्या रक्तातही ते कित्येक पटींनी वाढते. पण विसावा घेताच उतरते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेफाम होऊन स्वतःच्याच अवयवांवर उलटतो तेव्हा, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि ऊतींना पुरेसे रक्त मिळत नाही. शिवाय अॅड्रेनलिनमुळे ग्लुकोजचे विघटन वेगाने होते आणि थकलेले यकृत लॅक्टेटचा निचरा नीट करू शकत नाही. तेव्हा वाढलेले लॅक्टेट हे एकाच कारणाचे नव्हे, तर शरीरावरच्या एकूण ताणाचे चिन्ह आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास विकरांच्या साहाय्याने थोड्याशा रक्तातही लॅक्टेट मोजणे शक्य झाले. अमेरिकेत ब्रोडर आणि वाइल यांनी १९६४ साली, आणि वाइल व अफिफी यांनी १९७० साली, शॉकमधील रुग्णांच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. १९७० च्या अभ्यासात लॅक्टेट दर लिटरला २.१ मिलिमोलवरून ८ वर जाते, तशी वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते असे दिसले. शेरर यांची खूण आता भाकीत सांगू लागली.

पण हे भाकीत समूहाचे आहे. ८ मिलिमोल असलेल्या दहा रुग्णांपैकी एक वाचेल असा अंदाज असला, तरी समोरच्या खाटेवरचा रुग्ण तोच एक आहे की उरलेल्या नवांपैकी, हे आकडा सांगत नाही. म्हणूनच १९८३ साली ब्रसेल्समध्ये व्हिन्सेंट आणि सहकाऱ्यांनी उपचार चालू असताना लॅक्टेट पुन्हा पुन्हा मोजले. एका आकड्यापेक्षा आकड्याची वाटचाल अधिक बोलकी ठरली: उपचारांनी तो उतरू लागला, तर आशा वाढते. २०१६ साली सेप्टिक शॉकची व्याख्या नव्याने करण्यात आली, तेव्हा पुरेसे द्रव देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागणे आणि लॅक्टेट २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे, अशा दोन्ही अटी तिच्यात आल्या.

मग लॅक्टेट उतरवणे हेच उपचाराचे ध्येय ठेवावे काय? दक्षिण अमेरिकेतील पाच देशांतल्या २८ रुग्णालयांत ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हा प्रश्न तपासला. एका गटात लॅक्टेट पाहून उपचार ठरवले. दुसऱ्या गटात बोटाच्या टोकावर काचपट्टी दहा सेकंद दाबून सोडायची आणि त्वचेचा रंग परतायला किती वेळ लागतो हे पाहायचे. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर तो वाईट. २८ दिवसांत पहिल्या गटातील ४३.४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३४.९ टक्के रुग्ण दगावले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तरीही घड्याळ आणि काचपट्टी यंत्राच्या तोडीस तोड उतरली, हे थोडके नव्हे. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसने सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळसे रक्ततपासणीची सोय अपुरी असलेल्या प्रदेशांतले होते.

वर्गात आपण हे सहज करून पाहू शकतो. नख दाबून सोडावे आणि गुलाबी रंग परतायचे सेकंद मोजावेत. मग तोच हात गार पाण्यात बुडवून पुन्हा मोजावे. वेळ बहुधा वाढलेला आढळेल, आणि तरीही विद्यार्थी ठणठणीत असेल. धावपटूच्या लॅक्टेटचेही तसेच आहे. खूण खरी असते. पण ती कोणाच्या अंगावर, कोणत्या वेळी दिसली, हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ लावता येत नाही.