सखारामबापू : कारभार आणि अखेर

धारच्या तांबड्या दगडी किल्ल्यात इ. स. १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे आमच्या गावच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई त्या समयी पुण्यापासून इतक्या दूर, खंडेराव पवारांच्या आश्रयास का होत्या, हे शोधू लागले म्हणजे सखाराम भगवंत बोकील यांच्यापाशी येऊन थांबावे लागते.

सासवडजवळील हिवऱ्याचे हे गृहस्थ दीर्घकाळ दादांचे कारभारी होते. 'साडेतीन शहाण्यां'त लोकांनी त्यांना पूर्ण शहाण्याचा मान दिला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. तेव्हा बापूंनी नाना फडणिसांसह बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि आपल्याच जुन्या धन्यास पदच्युत केले. दादा माळव्यातून गुजरातेकडे वळले. गरोदर आनंदीबाई धारेस राहिल्या. पुढे दादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला व युद्ध पेटले.

१ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहावर बापूंची व नानांची सही आहे. परंतु १७७८ साली मोरोबा फडणीस दादांस परत आणू पाहत होते, तेव्हा बापूंचेही अंग त्यात होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावी इंग्रज नमले, दादा महादजी शिंद्यांच्या हाती आले आणि बापूंचे गुप्त संधान उघडे पडले. त्याच वर्षी ते कैद झाले. सिंहगड, प्रतापगड व शेवटी रायगड असा त्यांचा बंदिवास झाला. १७८१ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

बापूंस निव्वळ फितुर म्हणून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. दोन्ही पक्षांशी एक धागा राखून ठेवावा, ही त्यांची आयुष्यभराची रीत होती. घरच्या भांडणात तिनेच अनेकदा समेट घडविला असेल. परंतु इंग्रज दाराशी आल्यावर तोच धागा शत्रूची वाट झाला. नाना तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे शहाणे ठरले. पण एकदा पक्ष धरल्यावर मागले दार लावून घ्यावे, हे त्यांना कळले होते.

आपण वर्गात साडेतीन शहाण्यांची नावे पाठ करून घेतो. बापूंची अखेरही सांगावी, आणि निवाडा मुलांवर सोपवावा.