वऱ्हाडातील मेंढपाळ समाज : शाळेची वेळ आणि किशोरवयीन मुलामुलींचा दिवस

वऱ्हाडातील धनगर समाजाच्या शिक्षणाची चर्चा बहुधा पटावरील संख्येभोवती फिरते. त्या संख्येत मुलामुलींचा दिवस कसा जातो हे दिसत नाही. प्रस्तुत निबंधात त्याच दिवसाचा विचार केला आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर कापसाखालील क्षेत्र वाढत गेले व गायराने आक्रसली. पुढे वन कायद्यांनी राखीव जंगलातील चराईवर निर्बंध आले. मेंढपाळाला उरला तो पीक निघालेल्या वावरांचा आधार. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेई. पेरणी झाली की वावरे बंद होत आणि कळप डोंगराकडे वळे. शाळेचे वर्ष सुरू होते तेही नेमके याच वेळी, जूनमध्ये.

कळपामागे जाणे हे पुरुषांचे व मुलग्यांचे काम; पाणी, सरपण, स्वयंपाक, कोकरांची निगा आणि बिऱ्हाड हलविणे हे बायकांचे व मुलींचे. चराईला सबंध दिवस लागतो, तिचे तुकडे पाडता येत नाहीत. त्यामुळे मुलगा एक तर आश्रमशाळेत जातो, नाही तर मेंढ्यांमागे. मुलीचे काम मात्र सकाळ-संध्याकाळचे असल्याने शाळेच्या दोन्ही बाजूंना बसते. ती शाळेत जाते, पण तिचे काम कमी होत नाही. उलट भाऊ वसतिगृहात गेला, की आई कळपाकडे वळते आणि चूल मुलीकडे येते. शिक्षणाने स्त्री-पुरुष कामाची विभागणी सैल होते, हे आपल्या व्याख्यानांतील आवडते विधान येथे सरळ लागू पडत नाही.

शासनाने १९९२ मध्ये अनुसूचित जाती-जमाती व विमुक्त-भटक्या जमातींतील दारिद्र्यरेषेखालील मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलीच्या दिवसाला किंमत आहे, याची ही सरकारी कबुलीच होती. परंतु हा भत्ता पहिली ते चौथीपुरता होता. घरकामाचा खरा भार पडतो तो त्यानंतर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा हक्क दिला. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करण्यास मुभा ठेवली. मुलाची चराई या मुभेत बसत नाही. मुलीची पहाटेची चूल मात्र अगदी नियमानुसार बसते.